पाच फुटांचा चढ

मासा स्वस्थ असला की त्याच्या कल्ल्यांवरचं झाकण एका लयीत उघडतं आणि मिटतं. उघडताना त्याची कड जेमतेम गव्हाच्या दाण्याइतकी दूर जाते, आतली लाल फणी क्षणभर दिसते आणि झाकण पुन्हा बसतं. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की आधी लय वाढते, मग कड जास्त फाकते आणि शेवटी मासा वर येऊन तोंड पाण्याच्या पृष्ठभागाला लावतो. एकाहत्तर सालच्या त्या श्रावणात मी उठल्याबरोबर, चूळ भरायच्याही आधी, हौदाच्या कठड्याशी जाऊन ही झाकणं बघत असे. लय वाढलेली असली तर पदर खोचून बादली उचलायची. नसली तरी उचलायचीच, फक्त जरा सावकाश.

सोनईतलं आमचं घर उतारावर आहे. परसाच्या वरच्या अंगाला वडिलांनी बागेसाठी बांधलेला दगडी हौद. दोन वर्षं पावसानं हात आखडता घेतला होता, विहिरीचं पाणी दोराला दोर जोडावा इतकं खाली गेलं होतं आणि बाग केव्हाच गेली होती. हौदात मी मुळा धरणाकडच्या भोयांकडून आणलेली तिलापिया माशांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडली. हौदाखाली विटांचे दोन लांबट वाफे बांधून त्यात मातीऐवजी खडी भरली. हौदाचं पाणी पन्हळीतून खडीवर पडायचं, खडीतून झिरपत खालच्या खड्ड्यात जमायचं. माशांच्या विष्ठेनं पाण्यात जो अमोनिया होतो, त्याचं खडीतले जिवाणू खत करतात. त्या खतावर पालक, अळू आणि टोमॅटो वाढत होते. खड्ड्यात उतरलेलं पाणी निवळ असायचं. ते पुन्हा हौदात टाकलं की तेच पाणी परत कामाला. विहिरीतून फक्त उडून गेलेल्या पाण्याची भर घालायची.

सगळं जमलं होतं, एक सोडून. खड्ड्यापासून हौदाच्या काठापर्यंत पाच फुटांचा चढ होता आणि तो चढ पाणी माझ्या हातांनी चढत होतं. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर.

त्यासाठी पंप हवा होता. आणि पंपावर आणखी एक गोष्ट अडकून होती. रत्नागिरीकडच्या एका मत्स्य संशोधन केंद्रात मला सहायक म्हणून घेतलं होतं. मुलाखत उन्हाळ्यातच झाली होती आणि ऑगस्टअखेर होय की नाही ते कळवायचं होतं. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी गावच्या हायस्कुलात सातवी-आठवीला शास्त्र शिकवत होते, माझी तिशी उलटली होती. असं काम पुन्हा दाराशी येईल असं मला वाटत नव्हतं. पण घरात आत्या होती. आईवडिलांच्या मागे मला तिनंच वाढवलं. आता ती सत्तरीला टेकली होती आणि घाटाखाली यायला तयार नव्हती. "कोकणातल्या ओलीत माझे पापड वाळायचे नाहीत," एवढं एकच कारण तिनं दिलं आणि तिला ते पुरेसं होतं.

मी गेले तर पाच फूट पाणी कोण चढवणार? आत्या चढवू लागली तर कधी पाय घसरून पडेल सांगता येत नव्हतं. कुणी रत्नागिरीचं विचारलं की मी म्हणायची, "पंप बसू दे, मग कळवते."

पंप आणायला सूर्यभान होता. गावच्या विहिरींवरची इंजिनं तोच दुरुस्त करायचा आणि कुठलंही काम असो, त्याचा पहिला उपाय एकच असायचा.

"बाई, पाच हार्सपावरचा टाकू," तो म्हणाला. "एकदा बटन दाबलं की हौद भरून पानी थेट मारुतीच्या पारावर."

"मला पाच फूट चढवायचंय, सूर्यभान. पाच फूट."

"मंग त्याला पंप कशाला? फुंकर मारा!"

आत्या ओटीवर वाती वळत बसली होती. ती हसली आणि मग आपण हसलो हे लपवायला खोकली.

दोन दिवसांनी त्यानं अर्ध्या हॉर्सपॉवरचा एक जुना मोनोब्लॉक आणून पडवीत ठेवला, पोत्यात गुंडाळून. पंप आणि मोटर एकाच दांड्यावर, बसकं हिरवं धूड. "घरच्या विजेवर चालतो. बगा, पसंत पडला तर बसवू. न्हाईतर म्या परत न्हेतो."

मी तो बघितला. पसंत पडला नाही. खड्ड्यात जेवढं पाणी मावत होतं तेवढं तो पंप चहाला आधण येईपर्यंत उपसून टाकणार. मग कोरडा फिरणार, तापणार आणि जळणार. म्हणजे कुणीतरी बटणाशी उभं राहायला हवं आणि वेळेवर बंद करायला हवं. आत्याच्या लक्षात राहिलं नाही तर? वीज मध्येच गेली आणि ती आत झोपलेली असताना परत आली तर?

पाव हॉर्सपॉवरचा मिळतो का ते बघायला मी नगरला गेले. तिथे एका दुकानात दिल्लीकडच्या वाळ्याच्या कूलरमधला पिटुकला पंप होता. दिवसभर चालला तरी भीती नव्हती, पण त्याचं पाणी तीन फुटांवर जाऊन थकायचं. पुढच्या खेपेला पिपातून रॉकेल काढायचा फिरकीचा हातपंप बघितला. तो विजेवाचून चालतो, पण त्याची मूठ ओढताना माझाच खांदा भरून आला.

नळीचं तेच. लोखंडी नळाला जस्ताचा मुलामा असतो आणि जस्त माशांना बाधतं. काळा अल्काथिन पाइप स्वस्त आणि निर्धोक, पण उन्हात मऊ पडतो, उंदीर कुरतडतात आणि ओढीच्या बाजूला, म्हणजे पंप पाणी शोषतो तिथे, लावला तर चपटा होतो. म्हणून मी खिडकीत तीन बरण्या मांडल्या. एकीत लोखंडी नळाचा तुकडा, एकीत काळ्या पाइपचा, एक नुसती. तिन्हींत हौदाचं पाणी आणि दोन-दोन पिल्लं.

"माझ्या लोणच्याच्या बरण्या बाटवल्यास," आत्या म्हणाली.

"धुऊन देते."

"नको. आता त्या तुझ्याच. सासरी जाताना ने."

तिन्ही बरण्यांतली पिल्लं ठणठणीत राहिली. आमचं पाणी जड आहे, किटलीत पांढरा थर बसतो. जड पाण्यात जस्ताचा त्रास कमी होतो हे मला ठाऊक होतं. तरी मी पाणी बदललं आणि सगळं पुन्हा मांडलं. एका वेळच्या निष्कर्षावर विसंबू नये असं मी मुलांना शिकवायची.

शेजारची कडूबाई दूध घालायला आली की कठड्याशी थबकायची. तिची गल्लीपलीकडे थोडी जमीन आणि दोन म्हशी.

"बाई, हे मासे तुमी खानार न्हाई. मंग पोसता कशाला?"

"पालकासाठी."

"पालक खायला मासे पाळायचे!" ती आत्याकडे वळायची. "आत्याबाई, आन तुमी खाता ती भाजी? माशाच्या पान्यावरची?"

"गंगेत मासे नसतात का?" आत्या म्हणायची. हा प्रश्न तिनं पहिल्याच आठवड्यात स्वतःशी मिटवला होता. "पण शिवायचं म्हणशील तर मी शिवणार नाही हो."

रात्री मला झोप नीट लागायची नाही. डोळे मिटले की पंप, नळाचे कोपरे आणि जोड दिसायचे. वर्गात पाण्याच्या दाबाचा धडा शिकवताना मी फळ्यावर आमच्या परसाची आकृती काढून बसले आणि मुलं वहीत ती उतरवून घ्यायला लागली तेव्हा भानावर आले. जेवताना एकदा आत्यानं विचारलं, "रत्नागिरीचं काय?" मी ओढीच्या नळीचा व्यास किती असावा ते सांगायला लागले. तिनं शांतपणे माझ्या ताटात भात वाढला आणि पुन्हा विचारलं नाही.

नारळी पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण होतं. आमच्या घरात ग्रहणाची गंमत अशी की मी मुलांना शाळेत पृथ्वीची सावली समजावून सांगायची आणि घरी आत्या वेध पाळायची. माझ्यासमोर ती फारसं काही करत नसे. दुधात तुळशीचं पान टाकलेलं असायचं, तेही फडक्याखाली झाकून. मी बघितलं नाही असं दाखवायची. आम्हा दोघींचा हा शिरस्ता मी लहान होते तेव्हापासूनचा.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी रजा टाकून पहिल्या एस.टी.नं नगर गाठलं. निघताना आत्या न्हाणीघरात होती, पाण्याचा आवाज येत होता. मी बाहेरूनच "येते गं" म्हटलं आणि निघाले. घोडेगावच्या फाट्यावर गाडीत माणसं शिरली, एकाच्या कडेवर करडू होतं, ते माझ्या पिशवीतलं पाइपचं टोक चाटत राहिलं.

दुकानदारानं मला लांबूनच ओळखलं.

"या बाई. आज काय बघायचं? फिरकीचा पुन्हा दाखवू?"

"मुठीला जोडदांडा लावून मिळेल का? म्हणजे जोर कमी लागेल."

"कुणाला चालवायचाय?"

"माझ्या आत्याला. वय झालंय."

"मग विजेचा घ्या."

"विजेचा बंद कोण करणार?"

"मग गडी ठेवा."

"रोज एवढ्याशा कामाला गडी कसा येईल?"

त्यानं हातातला पाना गल्ल्यावर ठेवला. "बाई, राग मानू नका. माझ्या मुलीला बघायला आलेल्यांनीसुद्धा एवढ्या खेपा घातल्या नाहीत. त्यांना तरी निदान मुलगी हवी होती. तुम्हाला पंप हवाय की नकोय, तेवढं एकदा सांगा."

कोपऱ्यात नळाला आटे पाडणारे दोघं हसले. मी जोडदांड्याचं माप पुन्हा एकदा विचारलं, आवाज शक्य तितका सपाट ठेवून. मग काहीच न घेता बाहेर पडले. परतीच्या गाडीला वेळ होता. मी स्टँडवर एका बाकावरून दुसऱ्या बाकावर बसत राहिले.

दुपार कलली तेव्हा घरी पोचले. परसाचं दार उघडं होतं आणि उंबऱ्यापासूनच चिखल लागला.

हौद रिकामा होता. म्हणजे तळाशी घोटाभर पाणी होतं आणि तेही ताजं, विहिरीचं. हौदाच्या तळाच्या भोकाचा लाकडी बोळा काठावर नीट पुसून ठेवलेला. दोन्ही वाफे काठोकाठ भिजलेले. आणि खालच्या खड्ड्याच्या पलीकडे, जिथे परस कुंपणाच्या भिंतीकडे दबतं, तिथे मातीचा गुडघाभर उंच बांध घातलेला होता. त्याच्याआड सगळं पाणी तळ्यासारखं साचलं होतं. कडूबाई बांधावर फावड्याची पाठ मारत होती. आत्या दगडावर बसली होती, नखशिखांत ओली, केस मोकळे.

"मासे कुठायत?" मी विचारलं.

"आधी आत जाऊन पाणी तरी पी."

"आत्या, मासे?"

"घंगाळात. सुखरूप आहेत. हौद पुरता रिकामा व्हायच्या आत काढले. मला काय अक्कल नाही?"

घंगाळ न्हाणीघराच्या ओट्यावर होतं. आजीचं, तांब्याचं. ग्रहण सुटल्यावर आत्यानं घरातली सगळी भांडी चिंचेनं घासली होती. घंगाळाचा तळ आरशासारखा लखलखत होता आणि त्यावर माझे सगळे मासे एकमेकांच्या अंगावर. तोंडं वर, झाकणं पूर्ण फाकलेली. अंगावर दुधासारखी बुळबुळ. चार-पाच उताणे झालेले.

चिंचेनं नुकतंच उघडं पडलेलं तांबं. मी घंगाळाला दोन्ही हात घातले. ते हललं नाही. कडूबाई धावत आली, आम्ही दोघींनी ते हौदाशी नेलं आणि पाण्यासकट ओतण्याऐवजी मासे ओंजळीनं उचलून हौदात सोडले. मग साचलेल्या तळ्यातून जुनं पाणी बादलीनं वर टाकायला लागले. कडूबाई खालून भरून द्यायची, मी ओतायची. मासे आधी तळाशी पडून राहिले. मग एकानं शेपटी हलवली.

सहा मेले. तांब्यानं किती आणि दाटीनं किती हे सांगता येणार नाही.

"हे म्या न्हेऊ का? कालवन हुईल," कडूबाईनं विचारलं.

"नको. तांबं उतरलं असेल त्यांच्यात."

"मंग काय दिस घालायचे त्यांचे?"

आत्या उठून आली होती. तिनं मेलेल्या माशांकडे बघितलं. आत्तापर्यंत ती एकही मासा मेला नाही अशाच तोऱ्यात होती. आता तिचा चेहरा उतरला.

"तांब्यातलं पाणी तर चांगलं असतं," ती म्हणाली. "तू लहान असताना तुला तांब्यातलंच प्यायला दिलं मी."

"माणसाला चालतं, आत्या. माशाला कल्ल्यांत बसतं."

"मला काय माहीत? विचारायला कोण होतं?"

तेच मला हवं होतं, खरं सांगायचं तर. मनात ते वाक्य मी पकडून ठेवलं. बघ, मी एक दिवस नव्हते तर सहा मासे मेले. याहून स्वच्छ पुरावा काय हवा?

"पण बोळा काढायचाच कशाला?" माझा आवाज चढला. "तुळशीचं पान टाकायचंस. सगळीकडे टाकतेस तसं."

"पान दुधाला, तुपाला. पाण्याला पान चालत नाही. ग्रहणातलं पाणी टाकायचं असतं. हंडे रिकामे केले, कळशा रिकाम्या केल्या आणि एवढा मोठा हौद तसाच ठेवायचा?"

"गेल्या ग्रहणाला नाही टाकलंस."

"गेल्या ग्रहणाला तू घरात होतीस."

कडूबाईनं बादली खाली ठेवली.

"तू घरात असलीस की मला काही करता येतं का?" आत्या म्हणाली. ती रागावली नव्हती. पिळे घालून केसांतलं पाणी काढत बोलत होती. "पान टाकायचं तर फडक्याखाली. बादली उचलली तर तू हातातून काढून घेतेस. विहिरीवर गेले तर मागून येतेस. आज पहाटे तुझी एस.टी. गेल्याचा आवाज आला आणि मी म्हटलं, चला, आज ग्रहण नीट सोडू. माझ्या आईनं सोडलं असतं तसं. चार महिने तू जाणार जाणार म्हणतेस, मला वाटलं आता जाशील. जात तर नाहीसच."

"आत्याबाई पान्यात नाचत हुत्या मगाशी," कडूबाई म्हणाली. "म्या आवाज ऐकून आले तर बोळा काडलेला, पानी सगळं गल्लीत चाललेलं, आन या म्हनतात, जाऊ दे, ग्रहनाचं हाय. म्या म्हनलं, ग्रहनाचं असंल न्हाईतर इठोबाचं, ह्या सालात पानी जाऊ द्यायचं न्हाई. घातला बांध."

"आणि मासे कुणी काढले?"

"म्या. शेनाच्या पाटीनं. धुऊन घेतली हुती, काळजी करू नका. आत्याबाई शिवत न्हवत्या, पन लांबून सांगत हुत्या. तो ऱ्हायला, तो कोपऱ्यातला, तो काळा. समदे ओळखतात त्या."

आत्यानं तोंड फिरवलं. "एकाला शिवले," ती म्हणाली. "सटकून चिखलात पडला होता. तेवढ्यासाठी पुन्हा डोक्यावरून अंघोळ करावी लागली."

मी कठड्यावर बसले. हातांना माशांचा वास येत होता. पुराव्याचं काही जमेना. आत्या एकटी राहिली तर चुकणार, हे आज दिसलं होतं. आत्या एकटी राहिली तर तिला बरं वाटतं, हेही आजच दिसलं होतं. दोन्ही एकाच दिवशी, एकाच हौदावर. बरण्यांच्या प्रयोगासारखं हे पुन्हा मांडून बघता येण्याजोगं नव्हतं.

मग नजर बांधाकडे गेली. भिंतीच्या दबत्या कोपऱ्यात हौदभर पाणी उभं होतं. बांध अजून पाझरत होता, पण धरून होता. माझ्या खड्ड्याच्या कितीतरी पट. तिथे सिमेंटचं अस्तर दिलं आणि पंप त्याच्या शेजारी, पाण्याच्या पातळीखाली बसवला तर पाणी आपोआप पंपात येणार, भरून घ्यावा लागणार नाही. दिवसातून एकदा, वीज असेल तेव्हा, अर्धा तास. हौद भरला की वरचं पाणी पन्हळीतून परत खालीच यायचं. आत्या विसरली तर पाणी फिरत राहील, पंप कोरडा पडायचा प्रश्नच नाही. वीज गेली तर थांबेल, आली तर पुन्हा सुरू होईल. पडवीतला तो हिरवा अर्ध्या हॉर्सचा पंप चालण्याजोगा होता. पहिल्या दिवसापासूनच चालला असता, खड्डा मोठा केला असता तर.

मी हे सगळं मोठ्यानं बोलले असावे, कारण आत्या म्हणाली, "मग खड्डा मोठा करायला तुला कुणी नको म्हटलं होतं?"

कडूबाई पदर तोंडाला लावून हसली.

मुरूम कठीण आहे, असं काहीतरी म्हणणार होते. पण बांध समोर होता आणि तो घालायला मुरूम खणावाच लागला नव्हता.

गल्लीत सायकलची घंटी वाजली. सूर्यभान दारातूनच ओरडला, "बाई, हाईसा का?" आत आला आणि चिखल बघून थबकला. "हे काय, म्हशी शिरल्या का काय?"

"ग्रहण शिरलं," आत्या म्हणाली.

"बाई, पंपाचं बोलायला आलो हुतो. पुनतांब्याचं गिऱ्हाईक आलंय. त्याला आजच पायजे. तुमच्या मनात न्हाई तर म्या न्हेतो. उगा पोत्यात गंजतोय तो." असं म्हणून तो पडवीत गेला सुद्धा. पोत्याला हात घातला आणि दोरी बांधायला लागला.

तो पंप सायकलवर चढला असता तर मला पुन्हा नगर होतं, पुन्हा पाव हॉर्सपॉवर होता, फिरकी होती, बरण्या होत्या. ऑगस्ट असाच सरला असता. मला ते अगदी स्पष्ट दिसलं, आणि काही ठरवावं न लागण्यात केवढी सुटका आहे हेही दिसलं.

"दोरी सोडा," मी म्हटलं.

"आं?"

"दोरी सोडा, सूर्यभान. पंप इथंच बसवायचा. त्या कोपऱ्यात, तळ्याशेजारी, पाण्याच्या पातळीखाली. आधी गवंडी आणून खड्ड्याला अस्तर द्यायला हवं."

"आन पाइप? लोखंडी का काळा? तुमचं त्येच चाललं हुतं की."

"ओढीला लोखंडी, तो चपटा होत नाही. चढाला काळा, भिंतीच्या सावलीतून न्यायचा. दोन्ही सव्वा इंची. पितळेचा कॉक मात्र नको, पितळेत तांबं असतं. लोखंडी लावा."

"दोन तऱ्हेचे?" त्याला ते आवडलं नाही. "जोडाला गळंल."

"गळलं तर खाली खड्ड्यातच पडेल."

तो हसला. दोरी सोडून त्यानं पोतं पुन्हा पंपावर पांघरलं. "मंग बटन आत्याबाई दाबनार?"

"दाबीन की," आत्या म्हणाली. "माशांना शिवण्यापेक्षा बरं."

"तांब्याच्या भांड्यात मासे ठेवायचे नाहीत," मी तिला म्हटलं. "पुढच्या ग्रहणाला हौद रिकामा करायचा तर मातीच्या रांजणात. दोन रांजणांत, अर्धे अर्धे."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. पुढच्या ग्रहणाला, असं मी म्हटलं होतं आणि ते तिनं ऐकलं होतं. मग ती ओल्या केसांची गाठ मारायला लागली. कडूबाई बादली रिकामी करून उपडी घालत होती. हौदात मासे आता वेगवेगळे झाले होते. काही अजून वर तोंड लावून होते.

"गवंडी म्या बोलावतो," सूर्यभान म्हणाला. "पन बाई, घाई हाय का सावकाश चालंल? पोळ्यानंतर माझ्याकडं लई काम हाय. कवा बसवू सांगा म्हंजी त्या हिशेबानं येतो."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी कठड्यावरून उतरले, ओले हात पदराला पुसले.

"गणपती यायच्या आत बसवा," मी म्हटलं. "आत्या, मी सोमवारी कळवतेय त्यांना. गणपती उठले की मी रत्नागिरीला जाणार आहे."